बिब्ब्याचं बोट

बोट पुढे करा.

अंजनाबाईंनी केलं. डाव्या हाताचं. नखाशी काळा ठिपका.

केंद्रावरचे साहेब ठिपक्याकडे पाहतच राहिले. "बाई, तुम्ही मत देऊन आलात."

"मी? मी तं आत्ता येऊन राहिली!"

मागे परीट मोहल्ल्यातल्या बायांची रांग. साहेबांनी सगळ्यांना हात वर करायला लावले.

ठिपका. ठिपका. ठिपका.

थांबा. आधी हा ठिपका कुठला ते.

एकोणसत्तर साल, महापालिकेची निवडणूक, आदला रविवार. सिंधूताई मास्तरीणबाई मोहल्ल्यात मत द्यायला शिकवत होत्या. दोन खाटा उभ्या केल्या, मधे रामदासपेठेतल्या दवाखान्याची धुवायला आलेली चादर. झाला आडोसा. शिक्का बटाट्याचा. कागदाची घडी उभी घालायची, नाहीतर ओली शाई दुसऱ्या चित्रावर उठते आणि मत बाद.

"आन् बोटाले शाई?" तुळसाबाईंनी विचारलं.

"लावली असं समजा."

"समजा काहून?"

तेवढ्यात उमेदवार रुपराव आले. बायांनी त्यांनाच खाटेवर बसवलं. घाटावर नळ कधी?

"काम होऊन राहिलं ना, बाई."

"मांगच्या निवडणुकीतही होऊनच राहिलं होतं गा!"

हशा. रुपराव चपला शोधत उठले. सिंधूताई त्यांच्या मागे, तारीख विचारत, थेट रस्त्यापर्यंत. इकडे बायांचं ठरलं: याले मत नाही. आणि इकडेच अंजनाबाईंनी शाईच्या जागी बिब्बा काढला. त्याच्या काळ्या रसानं त्या कपड्यांवर खुणा करत, भट्टीत उकळूनही न जाणाऱ्या. बोटाला आधी तेल, नाहीतर बिब्बा कातडी जाळतो; तेलावर टाचणीनं एकेक ठिपका.

सराव पुरा झाला.

आता पुन्हा केंद्रात.

"दुबार मतदान, साहेब! हाकला साऱ्यायले!" रुपरावांचा एजंट शालिकराम बाकावरून उठलाच.

सिंधूताई रांगेच्या टोकाला. घडी शिकवली, शिक्का शिकवला, बोटं मात्र पाहिली नाहीत. आता एकही मत पडणार नव्हतं.

"साहेब, तो बिब्बा आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बिब्बा?" शालिकराम हसला. "शाई हाय ते. मले का दिसत नाही?"

अंजनाबाईंनी कमरेला हात घातला. कनवटीचा बिब्बा काढला, टाचणी खुपसली, शालिकरामचा हात धरला.

टच.



"अवं! हे काय केलं वं बाई!" शालिकराम बोट धोतराला घासू लागला. ठिपका तिथेच. "साहेब, बिब्बा लावला हिनं मले!"

"बिब्बा?" अंजनाबाई म्हणाल्या. "शाई हाय ते. मले का दिसत नाही?"

साहेबांनी दोघांची बोटं जवळजवळ धरली. एकदा हे पाहिलं, एकदा ते.

"शालिकराम, तुमचं मत झालं?"

"नाही ना, साहेब! दुपारी देणार होतो!"

"द्यायचंय?"

"देईनच ना!"

"मग यांचंही राहिलंय." साहेबांनी शाईची बाटली उघडली. "बाई, मधलं बोट."

अंजनाबाई कागद घेऊन आडोशामागे गेल्या. शिक्क्याचा आवाज आला. मग त्यांचा:

"ताई, घडी उभीच ना?"

"उभीच!" सिंधूताई रांगेच्या टोकाहून ओरडल्या.

शालिकराम बोटावर फुंकर मारत होता.