दाताखालची वाळू

घरात तिला भागूबाई म्हणत. भित्री भागूबाईतलं हे नाव मोठ्या भावाने ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, मोठ्याने बोलणाऱ्या माणसांना तर फारच. अशा मुलीने बोगद्याच्या कामावर नोकरी धरावी, हे आईला मुळीच पटलं नव्हतं. पण हिला बोगद्यात कुठे जायचं होतं? आत दादा जायचा, ड्रिल चालवायला. ही बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसून खडक ओळखायला शिकत होती.

शिकवायचे मास्तर. निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून परत कामावर आलेले भूगर्भतज्ज्ञ. डोंगराला वरून भोकं पाडून काढलेल्या खडकाच्या लांबट गोल कांड्या शेडमध्ये पेट्यांत ओळीने मांडलेल्या असत.

"हे सगळे गाळाचे खडक," मास्तर सांगत. "नदीने वाळू आणून टाकली, तिचा वाळूखडक झाला. पाणी संथ झालं, चिखल तळाशी बसला, त्याचा चिखलखडक झाला. थरावर थर चढतो, खालचा दबतो, पाण्यातले क्षार कणांना धरून ठेवतात. चांगला वाळूखडक छत तोलून धरतो. चिखलखडक मात्र कोरडा आहे तोवरच शहाणा."

ओळखायची रीतही त्यांनी शिकवली होती. भिंगातून कण बघायचे. आम्लाचा थेंब टाकायचा, फसफसलं तर चुना. कण भिंगालाही दाद देईनात, तर चिमूटभर भुकटी दाताखाली धरायची. करकरली तर वाळू, लोण्यासारखी गेली तर चिखल. पहिल्यांदा तिला शिसारी आली, मग सवय झाली. फक्त एक अट होती. आधी कांडी फोडायची आणि भुकटी आतली घ्यायची.

नेमकी तिथेच तिने कच खाल्ली. गेल्या आठवड्यात बोगद्याच्या पुढच्या टप्प्यातली एक कांडी तिच्या हाती आली, ती वाळून टणक झाली होती. हातोडा मारला आणि भलतीकडेच तुटली तर मास्तर आपल्याला फाडून खातील, या धास्तीने तिने सुरीने वरवर खरवडलं आणि चाखलं. करकरलं. "वाळूखडक," ती म्हणाली. मास्तर चहा पीत होते, "शाबास" म्हणाले आणि तसंच त्यांनी वर साहेबांना कळवलं. त्या भागात छताला लोखंडी कमानींची गरज नाही, असं ठरलं.

आज मास्तरांनी पाण्याची परीक्षा शिकवली. एक तुकडा पाण्यात टाकायचा आणि बघत बसायचं. खात्रीचा खडक म्हणून तिने मुद्दाम तीच कांडी घेतली आणि या वेळी धीर करून फोडली. आतून ती गुळगुळीत आणि राखाडी निघाली. वाळू होती ती नुसती वरून माखलेली, खोदताना वरच्या थरातून आलेली. तिने तुकडा ग्लासात सोडला. तो फुगला, त्याचे पापुद्रे सुटले, आणि बघता बघता ग्लासाच्या तळाशी नुसता चिखल उरला.

दादाची टोळी आता नेमकी त्याच भागात खोदत होती. सकाळी डबा घेताना दादा म्हणाला होता, "आजकाल आमच्या डोक्यावर पाणी ठिबकतंय. आंघोळीचा खर्च वाचला."

तिने मास्तरांना ग्लास दाखवला आणि काय केलं ते सांगून टाकलं. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी साहेबांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की ही खोदाईची फेरी संपू दे, मग बघू. मास्तर पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले आणि ती पळत सुटली.

बोगद्याच्या तोंडाशी आत बोलायचा फोन होता. रखवालदार "अहो, अहो" करत असताना तिने तो उचलला.

"दादा, बाहेर ये. सगळ्यांना घेऊन ये. वरचा खडक पाण्याने विरघळतोय."

"कुणी सांगितलं?"

"मी बघितलं. ग्लासात."

आत हशा पिकला. "भागूबाई, ग्लासातल्या वादळाला भ्यायला लागलीस होय? जा, चहा पी. थोडंच राहिलंय."

तो फोन ठेवणार हे तिला कळलं.

"दादा, आई गेली," ती म्हणाली.

आतली यंत्रं थांबली. थोड्या वेळाने दादाला घरी पोचवायला म्हणून सगळीच माणसं बाहेर येऊ लागली, हेल्मेट हातात घेऊन. सगळ्यात पुढे दादा होता. त्याच्या चेहऱ्याकडे तिला बघवेना.

"कधी?" त्याने विचारलं.

उत्तराची वाट न बघताच त्याने खिशातून मोबाईल काढून घरी लावला. शेजारचं कुणीतरी उचलेल असं त्याला वाटलं असावं.

"काय रे, या वेळी कसा फोन?" आईचा आवाज खणखणीत आला. "जेवलास का?"

सगळे भागूबाईकडे बघू लागले. एकजण शिवी हासडून हेल्मेट घालायला लागला.

"आईच्या नावाने?" दादा हळूच म्हणाला. "भीती वाटते म्हणून आईला मारलंस?"

तो वळला. तिने दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून लोंबकळली. ग्लास बघितल्यापासून छत पडेल म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. आता ते पडलं नाही तर काय, याचीच भीती वाटायला लागली. दादा कायमचा तुटेल, आणि वर परत त्याच छताखाली जाईल. पड, ती मनात म्हणाली, एकदाचं पड. आणि आपण काय मागतोय हे कळून ती आणखीच गारठली.

"सोड," दादा म्हणाला आणि त्याने तिची बोटं एकेक करून सोडवायला घेतली.

तेवढ्यात डोंगराच्या पोटातून धडधडत आवाज आला. पायाखालची जमीन हादरली आणि बोगद्याच्या तोंडातून करड्या धुळीचा लोट बाहेर पडला. रखवालदार खाली बसला. हेल्मेट घालणाऱ्याचे हात तसेच हवेत राहिले.

दादाने तिची उरलेली बोटं सोडवली नाहीत, उलट घट्ट धरली. त्याच्या दुसऱ्या हातातला फोन चालूच होता.

"हॅलो? अरे, बोल ना," आई विचारत होती. "केवढा मोठा आवाज झाला तो? काय पडलं रे?"