दोनशे साठचा दम

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या घरात फ्रिजच्या दाराला एक वही टांगलेली आहे. वहीला दोरा बांधलाय आणि दोऱ्याला पेन, म्हणजे ते हरवायला नको. त्या वहीत रोज सकाळी आणि संध्याकाळी एक आकडा लिहिला जातो. आकडा वाढला की घरातले सगळे हसतात, उतरला की जेवताना कुणी बोलत नाही. आणि त्या वहीत तुमचं नाव कुठेच नाही. पहिल्या पानावर नाही, शेवटच्याही नाही.

कसं वाटेल? लगेच उत्तर देऊ नका. आधी अशा एका घरात जाऊन येऊ.

त्या घरात अकरा वर्षांची एक मुलगी होती. बाबा तिला वावटळ म्हणायचे, कारण ती चालायचीच नाही, पळायची. जिना उतरतानासुद्धा दोन पायऱ्या गाळून उतरायची. तिचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा. त्याला दमा होता. आई त्याला सोन्या म्हणायची.

"तो सोन्या, तर मग मी कोण? पितळ?" वावटळीने एकदा विचारलं होतं.

सगळे खो-खो हसले. तिने विनोद केलाच नव्हता.

आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची आणि बाबा कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचे. त्यामुळे घर सगळं मोजणाऱ्यांचं. "उगाच वाटतंय-बिटतंय सांगू नका, आकडा सांगा," हे आईचं ठरलेलं वाक्य. डॉक्टरांनी धाकट्यासाठी एक वीतभर नळी दिली होती. डॉक्टर तिला पीक फ्लो मीटर म्हणायच्या, घरात तिचं नाव फुंकणी पडलं. तोंडाला लावायची आणि एका दमात जोराने फुंकायचं. फुंकेसरशी नळीवरचा लाल काटा पुढे सरकायचा आणि जिथपर्यंत जाईल तिथेच थांबायचा. तो आपोआप मागे येत नसे. पुढच्या वेळी फुंकण्याआधी बोटाने तो खाली शून्यावर आणावा लागे. आई हे इतक्या सवयीने करायची की दुसऱ्या कुणाला ते सांगावं लागेल, हे तिच्या कधी मनातच आलं नाही.

धाकट्याचा आकडा असायचा एकशे साठ, एकशे सत्तर. बरं नसलं की एकशे तीस. मग त्याच्या उशाशी आई, पायाशी बाबा, दाराशी शेजारच्या काकू. आणि वावटळ? तिच्याबद्दल सगळ्यांचं एकच म्हणणं, "हिची काही काळजीच नाही हो!" काकू तर हे असं म्हणायच्या की जणू बक्षीसच देतायत. वावटळीला ते बक्षीस नको होतं. कधीकधी ती आरशासमोर उभी राहून धाकट्यासारखं खोकून बघायची. जमायचं नाही. तिचा खोकला म्हणजे दार ठोठावल्यासारखा धडधाकट यायचा.

तिच्याजवळ तिची अशी एकच गोष्ट होती, पळणं. शाळेच्या शर्यतीत ती पहिली आली, त्या दिवशी मैदानाच्या कडेला तिच्यासाठी कुणीच नव्हतं. धाकट्याला सकाळीच दम लागला होता आणि आई-बाबा त्याला घेऊन दवाखान्यात गेले होते. जिंकलेला बिल्ला दोन दिवस दप्तरातच राहिला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अगं, सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाही," वावटळ म्हणाली, आणि पळत खाली गेली.

पुढच्या तपासणीला तिलाही सोबत नेलं, घरी एकटी कशी ठेवायची म्हणून. डॉक्टरबाई धाकट्याशी फार मजेत बोलायच्या. त्या आधी आकडा विचारतच नसत.

"झोप कशी लागते? भूक लागते का? खेळतोस कुणाशी? शाळेत कुणी चिडवतं का? आणि पोटात एखादी गोष्ट दडवून ठेवली आहेस का, कुणाला न सांगितलेली?"

"मी ताईचा खोडरबर घेतलाय," धाकटा म्हणाला.

"मला माहितीय ते," वावटळ पुटपुटली.

डॉक्टरबाई हसल्या आणि आईकडे वळल्या. "हे मी वेळ घालवायला विचारत नाही बरं का. माणसाची तब्येत म्हणजे चार-पाच खोल्यांचं घर. तुमची फुंकणी त्यातली एकच खोली दाखवते. बाकीच्यांत डोकवायला विचारावंच लागतं."

आईने मान डोलावली आणि सोबत आणलेल्या वहीत तेवढंच लिहून घेतलं, जे मोजता येत होतं: सलग तीन सकाळी एकशे ऐंशीच्या वर आकडा आला, तर धाकट्याने मैदानावर दोन फेऱ्या पळायला हरकत नाही.

बाकावर बसलेल्या वावटळीने मात्र पाचही प्रश्नांची उत्तरं मनातल्या मनात देऊन टाकली होती. पाचवं उत्तर बरंच लांबलं. पण तिला कुणी प्रश्न विचारलेच नव्हते. आणि आता पळणंसुद्धा त्याला द्यायचं होतं.

धाकट्याला पहिल्या सकाळी एकशे पंच्याऐंशी आले. दुसऱ्या सकाळी एकशे नव्वद. आईने त्याचा गालगुच्चा घेतला. बाबांनी त्याला नवे बूट आणले. लाल. वावटळीचे बूट अंगठ्याजवळ उसवले होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तिसरा दिवस रविवार. आईची लॅबमध्ये पहाटेची पाळी होती, ती लवकर गेली. बाबा अंघोळीला गेले होते, धाकटा अंथरुणात होता. वावटळ स्वयंपाकघरात आली. ओट्यावर फुंकणी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, नळी तोंडाला लावली आणि सगळा राग भरून फुंकली.

दोनशे साठ!

तिने काट्याकडे पाहिलं. आपला दम एवढा! पण हे सांगणार कुणाला? वहीत दुसरा रकानाच नव्हता. बाथरूमची कडी वाजली तशी तिने फुंकणी होती तिथे ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

बाबांनी धाकट्याला उठवून आणलं. तो डोळे चोळत फुंकला. बाबांनी काटा पाहिला आणि त्यांचे डोळेच मोठे झाले.

"दोनशे साठ? पुन्हा फुंक बघू!"

तो पुन्हा फुंकला.

"दोनशे साठ! अजून एकदा!"

"बाबा, दमलो ना मी."

"शेवटचं. फुंक! बघ, पुन्हा दोनशे साठ! तिन्ही वेळा तेच, केसाइतकाही फरक नाही! वा रे पठ्ठ्या!"

काटा जागचा हललाच नव्हता, हे खिडकीशी उभ्या असलेल्या वावटळीला एका क्षणात कळलं. बाबांनी तो खाली घेतलाच नव्हता. तिने तोंड उघडलं. पण तेवढ्यात बाबांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं, त्याला एक गिरकी दिली आणि आईला फोन लावला. फोनमधून आईचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू आला.

"एकदम इतका? मी आल्यावर पुन्हा घेऊ या का?"

"अगं, तीनदा घेतलाय. आणि तुझ्या लेकाला कधी एकदा बूट घालतो असं झालंय."

"बरं, जाऊ दे मग. माझा सोन्या गं तो!" आईचा आवाज आनंदाने भरून आला होता.

वावटळीने तोंड मिटलं. दम तिचा आणि गिरकी त्याला. 'पळू दे,' तिने मनात म्हटलं. 'पळू दे दोन फेऱ्या. मग सगळ्यांना कळेल कोण पळू शकतं ते.'

मैदानावर दर रविवारी पळायला शिकवणारे सर शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना ओळीत उभं करत होते. बाबा पायरीवर बसले. शेजारी धाकट्याची पिशवी होती. औषधाचा पंप, तो ज्यातून ओढायचा ते प्लास्टिकचं नळकांडं आणि फुंकणी, हे सगळं त्या पिशवीत कायम असायचं. धाकटा लाल बूट आपटत वावटळीशेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, तू माझ्यापुढे गेलीस तरी चालेल. फक्त मधूनमधून मागे बघ हं."

"कशाला?"

"असंच. मी येतोय ना ते."

आणि तो खोकला. खु-खु. दोनच वेळा, कोरडा, बारीक.

तो खोकला वावटळ चांगली ओळखत होती. आरशासमोर तिने त्याचीच नक्कल केली होती. तो आला की दोन-तीन तासांत धाकट्याची मान आणि खांदे श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागायचे. आज तर तो पळणार होता. सरांनी हात वर केला. तिला वाटलं, गप्प राहिलं तरी आपलं नाव कुणी घेणार नाही, चूक बाबांची आहे. आणि हेही वाटलं, की बोललं तर ते दोनशे साठ आपलेच आहेत हे सगळ्यांना कळेल, पण कौतुक कुणीच करणार नाही.

धाकटा पुन्हा खोकला.

"सर, थांबा!" ती ओरडली. तिने भावाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत पायरीपाशी आणलं. "बाबा, सकाळचा आकडा त्याचा नाहीये. माझा आहे."

"म्हणजे काय? हा आता काय खेळ तुझा?"

"त्याच्याआधी मी फुंकले होते. तुम्ही काटा खाली घेतलाच नाही. तो तिथेच अडकून होता."

बाबांचा चेहरा बेतलेलं कापड चुकीचं कापल्यासारखा झाला. वावटळीने पिशवीतून फुंकणी काढली, काटा बोटाने थेट शून्यावर आणला आणि भावापुढे धरली. "आता फुंक."

तो फुंकला. काटा एकशे पस्तीसवर जाऊन थांबला.

नळकांड्याला पंप लावून बाबांनी ते धाकट्याच्या तोंडाशी धरलं. "हळू ओढ. मोज माझ्याबरोबर." चार वेळा औषध ओढून झाल्यावर धाकट्याने तोंड मोकळं केलं आणि भोकाड पसरलं.

"ताईला मी पळायलाच नको होतो! म्हणून केलं तिने!"

"काहीतरीच बोलू नकोस," बाबा म्हणाले. "चूक माझी आहे."

"नाही बाबा, खरं बोलतोय तो," वावटळ म्हणाली. "मला नकोच होता तो इथे. सकाळी मला सगळं कळलं होतं, तरी मी बोलले नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. अंगठ्याशी उसवलेल्या बुटाकडेही त्यांचं लक्ष गेलं. मग त्यांनी धाकट्याला मांडीवर घेतलं आणि आईला फोन लावून घडलं ते सांगितलं. आईने आधी त्याचा आकडा विचारला, मग औषध किती दिलं ते विचारलं. "वीस मिनिटांनी पुन्हा मोजा, वाढला नाही तर सरळ दवाखाना. मी निघतेच." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "ती बरी आहे ना?"

"ती काय, तिची काही का..." बाबा मध्येच थांबले. "मला नाही माहीत. तूच विचार तिला."

त्यांनी फोन वावटळीच्या हातात दिला.

"बाळा," आई म्हणाली, "काय झालं गं?"

"दोनशे साठ आले माझे."

"ते ऐकलं मी. आकडा राहू दे. तू कशी आहेस?"

मैदानावर सरांनी शिट्टी फुंकली. पोरं धुरळा उडवत सुटली. वावटळीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तिने बुटांच्या नाड्या सोडल्या, फोन कानाशी घट्ट धरला, बाबांच्या शेजारी पायरीवर बसली आणि आईला पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.