खणाच्या गाठीतली किल्ली

अगं ए, सरक जरा आणि आधी माझं ऐक. कालच घडलंय. कुणाला सांगितलं नाही तर माझी बॅटरी फुटेल.

मी एक किल्ली. म्युनिकच्या भाड्याच्या गाडीची. तुझ्यासारखंच मलाही कुठे खुपसावं लागत नाही. नुसती गाडीत असले की बटण दाबून गाडी सुरू. सगळा घोळ तिथेच झाला.

काल मला तनयने घेतलं. तो कोलोनला आयटीत आहे. सोबत बायको ज्ञानदा, आणि पुण्याहून आलेली त्याची आई, सुरेखाकाकू. पार्किंगमध्येच काकूंनी पिशवीतून हळद-कुंकू, लाल खण आणि नारळ काढला.

"आई, इथे नारळ फोडायचा नाही हं. लोक बघतायत."

"नाही फोडत. तळ्यात सोडेन. किल्ली दे, कुंकू तरी लावते."

मला हळद-कुंकू लागलं, मस्त वाटलं. तेवढ्यात गाडीवाल्यांच्या ऑफिसमधला माणूस बाहेर आला. काकू गडबडल्या आणि नारळासकट मलाही खणात गुंडाळून घट्ट गाठ मारली. तनयला वाटलं मी ज्ञानदाच्या पर्समध्ये आहे, ज्ञानदाला वाटलं त्याच्या जॅकेटात. गाडी तर सुरू झाली, मग कोण कशाला विचारतंय?

आणि मी आत. काळोख, नारळाची शेंडी तोंडावर, प्रत्येक वळणाला तो धोंडा माझ्या अंगावर. बाहेर आल्प्स चाललेत आणि मला फक्त ज्ञानदाचं "आई, तो तलाव बघा, कसला हिरवा आहे" ऐकू येतंय. पुढे ती दोघं एका घळीत उतरून गेली. काकू गुडघ्यांमुळे गाडीतच बसल्या, म्हणून कुलूप लावायचाही प्रश्न आला नाही. खालून पाण्याचा गडगडाट नुसता ऐकला आम्ही दोघींनी.

जाताना तनय म्हणाला, "आई, कुठल्या बटणाला हात लावू नकोस." हे तिसऱ्यांदा. घरी म्हणे इंडक्शनला हात लावायचा नाही, कचऱ्याच्या डब्यांना नाही, हीटरला नाही. काकू पुटपुटल्या, "मला पण एखाद्या कपड्यात बांधून ठेव." मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

मग आयब्झे नावाचं तळं आलं. काकू पिशवी घेऊन थेट पाण्याकडे. हात जोडले आणि गाठोडं खणासकट उचललं. संपलं, मी म्हटलं. ओरडायला मला तोंड नाही गं.

तेवढ्यात मागून तनय ओरडला, "कुलूप लावायला किल्ली कुठंय? आई, तू हलवलीस का काही? शंभरदा सांगितलंय, हात लावत जाऊ नकोस."

काकूंचा हात थांबला. त्यांनी गाठ सोडली. मी दिसले.

चेहरा असा उतरला ना त्यांचा. पुढचे दोन महिने याच एका गोष्टीवरून ऐकून घ्यावं लागणार, हे कळलं असणार. त्यांनी नारळ हळूच पाण्यात सोडला, मला मुठीत दाबलं आणि गाडीजवळ आल्या. तनय सीटखाली डोकं घालून शोधत होता. त्याचं जॅकेट दारावर लटकत होतं. काकूंनी मला त्याच्या खिशात सोडलं. ज्ञानदाने बघितलं.

"तनय, जॅकेट बघ की."

"दोनदा बघितलं."

"मग तिसऱ्यांदा बघ."

त्याने मला बाहेर काढलं. काकूंसमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "सॉरी आई. उगाच बोललो तुला. ही तूच ठेव, माझा काही भरवसा नाही."

केबल कारने वर गेलो तेव्हा मी काकूंच्या उघड्या तळहातावर होते. अख्ख्या आल्प्सपैकी मी धड पाहिलं ते एवढंच, मळकट बर्फाचा एक उरलेला पट्टा. काकू त्याच्याकडे बघत होत्या आणि अंगठ्याने माझं कुंकू पुसत होत्या.

आता पुन्हा हा ड्रॉवर. माझ्या खाचेत अजून थोडी हळद आहे बघ.

पण एक सांगायचं राहिलं. खिशात सोडताना काकूंचा अंगठा माझ्या बटणावर होता. मी जरा सैल पडले असते तर गाडी टुक करून वाजली असती आणि काकू जागीच सापडल्या असत्या. दिवसभर त्यांनीच मला कोंडलं होतं गं. तरी मी बटण दबू दिलं नाही.

तू असतीस तर काय केलं असतंस?