एक पलंग रिकामा

सुलोचना आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन नाचणगावात आलो. आता म्हातारपणी सिंदी मेघेत शेजारी राहतो. पूर्वी ती माहेरी निघाली तरी आठ दिवस आधी मला ठाऊक असायचं. वाटेसाठी तिखट पुऱ्या मीच तळून द्यायची.

आता तिची सून मोनाली फोनमध्ये खोल्या बघते. त्यांनी एका हॉलिडे क्लबात दरवर्षीचा एक आठवडा विकत घेतला आहे. शिवाय कुणी ऐन वेळी खोली सोडली की ती यांना स्वस्तात मिळते. तासाभरात गाडी निघते. मला दाराचं कुलूप दिसल्यावर कळतं.

शुक्रवारी सुलोचना कुंपणाशी आली.

"चिखलदऱ्याले खोली भेटली. एक पलंग रिकामा आहे. येतं काय वं?"

वर्षभर मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. तरी तोंडातून निघालं, "तुमचं बरं आहे बाई, मनात आलं का निघाले. माये पापड-धापोडे वाळून राह्यले गच्चीवर."

"बरं," म्हणून ती पलीकडच्या कुंताबाईकडे वळली.

पाचच मिनिटांत कुंताबाई पिशवी घेऊन गाडीत बसली, थेट सुलोचनाच्या शेजारी. तिच्या कानाशी लागून हसायलाही लागली.

मी चपला घालून फाटकाबाहेर गेले आणि गाडीचं दार उघडलं.

"काकू, पलंग एकच आहे," मोनाली म्हणाली.

"मी सुलोचनापाशी निजतो. सरक वं कुंता."

"अन् धापोडे?" सुलोचनाने विचारलं.

"खाऊ दे पाखरांले," म्हणत मी दोघींच्या मध्ये बसले.