पॉलिसी एकाची, दावा दुसरीचा

सुलक्षणाने जन्मात कधी विमा उतरवला नव्हता. तरी एका विमा कंपनीच्या नावाने जयपूरहून तिला रजिस्टर पत्र आलं.

चार वर्षांपूर्वी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात ती मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. एक जीप मागे घेताना थेट तिच्या पायावर आली. पायात सळई बसवावी लागली. जीपचा विमा ज्या कंपनीकडे होता, तिने भरपाई द्यावी, असा कोर्टाने निकाल दिला. आणि आता ती कंपनीच बुडाली होती. पत्र हिंदीत होतं. ऋणदात्यांनी नव्वद दिवसांत दावा पाठवावा, एवढाच अर्थ तिला लागला.

तिने आपली केस लढलेल्या अनिता वकिलांना फोन लावला. "मॅडम, ऋणदाता म्हंजी कर्ज देनारा ना? म्या कुठं त्यांना काय दिलंय?"

"त्यांच्याकडून तुमची भरपाई यायची राहिलीय, म्हणून तसं म्हणायचं. फॉर्म भरा, पॉलिसीची प्रत जोडा, नोटरी करून पाठवा."

"आवो, पॉलिसी माझी न्हाईच."

"जीपवाल्याची. माझ्याकडची झेरॉक्स पार पुसलीय. त्याच्याकडनंच आणा."

ज्याने पाय मोडला त्याच्याच दारात जायचं? पण न जाऊन करते काय! न्हावरा, चौफुला करत, लंगडत ती यवतला पोचली.

जीपवाला जयसिंग तिला बघून आधी घाबरलाच. मग पत्र वाचून म्हणाला, "ताई, कागद हाय माझ्याकडं. चला, शिरूरला नोटरी करून टाकू."

दोघं त्याच जीपमधून निघाले. बसताना ती मागच्या चाकाकडे न बघता पुढून वळसा घालून गेली.

शिरूरला नोटरीच्या बाकावर फॉर्म भरताना दर रकान्याला दोघं अडत होते. 'कंपनीशी नातं' या रकान्यात काय लिहावं, हे तर नोटरीलाही सुचेना. शेवटी त्याने 'अपघातग्रस्त' असं टाकलं.

"तुम्ही कशापायी एवढी धावपळ करताय, दादा?" तिने विचारलं.

जयसिंगने पेन खाली ठेवलं. "खरं सांगू का? कंपनीनं न्हाई दिलं, तर तुमच्या वकीलबाई माझ्यावर येनार. ही जीप जानार माझी."

तिला हे ठाऊकच नव्हतं. हा माणूस भला की मतलबी? रागवावं की नको, तिला कळेना. तिने निमूट सही केली.

पाच महिन्यांनी जयसिंग जयपूरहून आलेला एक कागद घेऊन तळेगावला आला. दावा दाखल झाला होता, क्रमांक अकराशे सेहेचाळीस.

"म्हंजी आपल्या आदी अकराशे मान्सं हायती?"

"आसतील. न्हाईतर नुसता नंबर आसंल."

"आन् मिळनार का?"

"तसं काय लिव्हलेलं न्हाई."

जीपवर जप्तीचा अर्ज करायचा म्हणून वकीलबाईंनी आदल्याच आठवड्यात तिच्याकडे सही मागितली होती. ती अजून दिली नव्हती. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"जयपूरचं काय ठरतंय ते बघू," ती म्हणाली. "तवर म्या कुठं सही करत न्हाई."

"कवा ठरंल, ताई?"

"मला काय ठावं! बसा, च्या टाकते."

जयसिंग ओट्यावर टेकला आणि कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का, ते बघू लागला.