माझ्याकडून वदवलेली खोटी साक्ष

मी एका जुन्या स्पोर्ट्स कारचा स्पीडोमीटर बोलतोय. कोर्टात मला टेबलावर ठेवलं होतं. माझ्यावरून पाऊण तास वाद झाला, पण मला कोणी काही विचारलं नाही. म्हणून आता सांगतो.

माझा जन्म १९६८ सालचा. काळी तबकडी, पांढरे आकडे, शून्यापासून एकशे चाळीस मैलांपर्यंत. काम सोपं. चाकं फिरली की गिअरबॉक्समधून आलेली केबल माझ्या पोटातलं लोहचुंबक फिरवते आणि ते काट्याला पुढे ओढतं. केसाएवढी बारीक स्प्रिंग त्याला मागे खेचून धरते. या ओढाताणीत काटा थांबेल तो वेग. त्यात खोट्याला जागाच नाही, असं मला वाटायचं.

पहिल्या दोन मालकांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसरा क्रेग बोअर्स्मा, मिशिगनमधल्या एका लहान गावातला दातांचा डॉक्टर. त्याने आमची हिरवी टू-सीटर घेतली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा झालो होतो. पोटातलं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालं होतं, केबल कोरडी पडली होती. माझा काटा आधी थरथरायचा, मग चाळीसवर जाऊन अडून बसायचा. क्रेग काचेवर टिचक्या मारायचा. माणसांना हा उपाय फार आवडतो. टीव्ही असो की घड्याळ, आधी एक टपली.

शेवटी तो मला व्हर्ना डायखाउसकडे घेऊन गेला. घरामागच्या गॅरेजमध्ये ती घड्याळं आणि गाड्यांचे मीटर दुरुस्त करायची. अडुसष्ट वर्षांची, बोलायला फटकळ, हाताला मऊ.

"बाई, याचा काटा नुसता नाचतो," क्रेग म्हणाला.

"नाचेल नाहीतर काय! पंचवीस वर्षांत कुणी तेलाचा थेंब तरी दाखवलाय का? तुमच्याकडे असे दात घेऊन कुणी आलं तर तुम्ही त्याला हाकलून द्याल, डॉक्टर."

तीन दिवस मी तिच्या दिव्याखाली होतो. तिने माझं सगळं पोट उघडलं, जुनं ग्रीस काडीने खरवडून काढलं, प्रत्येक चाक धुतलं. नवी केबल आणली. मग मला आपल्या यंत्रावर बसवून तीस, पन्नास, सत्तर असा एकेक वेग लावून बघितला. माझा काटा दरवेळी बरोबर आकड्यावर थांबला, तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "हं. शहाणा आहेस." माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

गाडी न्यायला आलेल्या क्रेगने विचारलं, "म्हणजे आता सत्तर म्हणजे सत्तर?"

"सत्तर म्हणजे सत्तरच. पण त्याला सत्तर दाखवायला लावू नका."

तो हसला.

नवव्या दिवशी रविवार होता. चर्चमधून परतताना क्रेगने टाय काढून शेजारच्या सीटवर टाकला आणि गाडी नदीकाठच्या रस्त्याला घातली. तिथे पस्तीसची मर्यादा. तो माझ्याकडे बघत होता. चाळीस, पन्नास, साठ. "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला. मी बरोबर चालतोय याचाच त्याला आनंद झाला होता. अडुसष्टवर असताना वळण आलं. ओपल मर्सर, शाळेत स्वयंपाक करणारी बाई, रस्ता ओलांडून आपल्या टपालपेटीकडे चालली होती.

ती वाचली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

क्रेग पळून गेला नाही. त्याने आपला कोट तिच्या डोक्याखाली घातला, तिचा हात धरून तो रडला. पण शेरीफचा माणूस आला आणि रस्त्यावरच्या टायरच्या खुणा बघून म्हणाला, "डॉक्टर, किती वेगात होतात?" तेव्हा हा रडता रडता बोलून गेला, "काटा पस्तीसच दाखवत होता. परवाच दुरुस्त करून आणलाय हो!"

"असं? मग उद्या सकाळी आमचा माणूस येऊन तो तपासेल."

एवढं बोलणं झालं आणि माझं नशीब ठरलं.

त्याच दुपारी क्रेगने मला गाडीतून काढलं. आपल्या बॅगेतून, ज्याने तो लोकांच्या दाढा कोरतो तो बारीक आकडा काढला आणि माझी स्प्रिंग दीड वेढा आवळली. आकडा एकदा निसटला, माझ्या पितळी पट्टीवर ओरखडा उठला. मग मला परत जागेवर बसवून तो जेवायला गेला.

तपासणीत अडुसष्टच्या वेगाला मी पस्तीस दाखवले. मी दाखवले! तो वेग मला पोटात कळत होता, पण आवळलेली स्प्रिंग काट्याला पुढे सरकू देईना.

कोर्टात व्हर्नाला बोलावलं. निळा कोट घालून आली होती. "मी बरोबर लावला होता," ती ठामपणे म्हणाली.

"तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे ना?" क्रेगच्या वकिलाने विचारलं.

"आहे. भिंगातून स्वच्छ दिसतं मला."

"तुमच्या हातून चूक होऊच शकत नाही, असं शपथेवर सांगता?"

तिने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. खोटारडीला हा प्रश्न जड गेला नसता. "माणूस आहे मी," ती म्हणाली. "होऊ शकते."

तेवढंच त्यांना हवं होतं. क्रेगला किरकोळ शिक्षा झाली. माझ्या आतला ओरखडा कुणी बघितलाच नाही. बाहेर व्हरांड्यात कुबड्यांवर उभ्या असलेल्या ओपलने व्हर्नाला अडवलं. "नीट दिसत नव्हतं तर काम कशाला घेतलंत? घरी बसायचं होतंत!" व्हर्ना खाली मान घालून पायऱ्या उतरली.

त्यानंतर तिने गॅरेज बंद केलं.

क्रेगने गाडीत नवा मीटर बसवला आणि मला दवाखान्यातल्या टेबलाच्या खालच्या खणात टाकलं. फेकून का दिलं नाही, त्याचं त्यालाच ठाऊक.

गेल्या महिन्यात व्हर्ना इथे आली. आवाज खूप उतरलेला.

"डॉक्टर, तो मीटर एकदा मला द्याल? वाद घालायला नाही आले. माझं कुठे चुकलं, तेवढं बघायचंय. रोज मनातल्या मनात उघडते तो, रोज स्प्रिंगपर्यंत जाते, पण चूक सापडत नाही."

तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर मी होतो.

"फेकून दिला हो," क्रेग म्हणाला. मग फार मायेने, "जाऊ द्या, व्हर्नाबाई. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

"उपकार झाले," ती म्हणाली. आणि हळूहळू निघून गेली.

हा खण कधीतरी कुणीतरी उघडेल. नवी नर्स, झाडूवाली, कुणीही. जो कुणी असेल त्याने मला व्हर्नाकडे न्यावं. ती एकाहत्तर वर्षांची आहे, फार थांबू नये. तिच्या हातात मला द्यावं आणि म्हणावं, बाई, उघडून बघा. तुमचं काम बरोबर होतं.