भुऱ्याचे फेरे

अमृतरावांच्या घराण्याला साप उतरवायचा मान आहे. मुखेडकडच्या आमच्या गावात कुणाला साप चावला, की त्याला मारुतीपुढं न्यायचं. अमृतरावांनी काहीतरी पुटपुटत काळा धागा बांधायचा आणि चावलेल्याला झोप लागू नये म्हणून देवळाभोवती फेरे घालायला लावायचे. बिनविषारी सापांनी या घराण्याचं नाव पिढ्यान् पिढ्या राखलं. विषारी निघाला, तर "आणायला उशीर केलात" हे उत्तर तयारच असायचं.

गेल्या पावसाळ्यात अमृतरावांच्या स्वतःच्या पोराला, संगमेश्वरला, शेतात साप चावला. तेव्हा मात्र धागा खुंटीलाच राहिला. अमृतरावांनी पोराला जीपमध्ये घातलं आणि थेट नांदेड गाठलं. पोरगा वाचला. गावात सांगितलं, पोटात दुखत होतं. आम्हीही माना डोलावल्या. मोठ्या माणसाचं खोटं गोड मानून घ्यायचं आम्हाला वळणच आहे.

परवा सकाळी साखराबाई आपल्या कुत्र्याला, भुऱ्याला, कडेवर घेऊन अमृतरावांच्या दारात आली. नवरा वारलेला, लेक हैदराबादेला कामाला, घरात बोलायचं तर भुऱ्याशीच. चुलीसाठी तुराट्या काढायला ती गंजीत हात घालणार, तेवढ्यात हा मध्ये घुसला होता.

"अण्णा, भुऱ्याला चावलं बघा. घोणस हाय. कुकरवानी फुसफुस करून राहिली होती. माझ्या हाताला लागणार होती, ह्येनं तोंड घातलं मधी."

भुऱ्याचं थोबाड एका बाजूनं टरारून सुजलं होतं. नाकाजवळ दोन बारीक भोकं होती. त्यांतून रक्त गळत होतं आणि काही केल्या थांबत नव्हतं.

अमृतराव ओसरीवर चहा घेत होते. आम्ही चारजण समोर बसलेलो. चारचौघांत बसलेला माणूस स्वतःचा राहत नाही हेच खरं. त्यांनी कप ठेवला आणि खुंटीवरचा धागा काढला.

"चल मारुतीपुढं."

साखराबाई जागची हलली नाही. काही बोलायला तिनं तोंड उघडलं, मग मिटलं आणि मुकाट्यानं मागोमाग निघाली.

मारुतीच्या पारावर धागा भुऱ्याच्या गळ्यात बांधला गेला. "खाली ठेव त्याला," अमृतराव म्हणाले. "चालव. बसला की संपला."

भुऱ्या चालला. अडखळत, पण चालला, कारण साखराबाई पुढं होती. कुणीतरी लिंबाचा पाला त्याच्या तोंडात कोंबला. "कडू लागून राहिलंय का विचारा की त्याला!" असं एकजण म्हणाला आणि आम्ही खो-खो हसलो. मीही हसलो. एकानं मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. पुढच्या फेऱ्यात भुऱ्याचे मागचे पाय लटपटले. तो खाली बसला, तर दोघांनी त्याला शेपटीला धरून उठवलं.

तेवढ्यात अमृतरावांची सून तनुजा पारापाशी आली. भरल्या पारावर सासऱ्यापुढं बोलायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

"मामा, ह्यांना चावलं तवा तुम्ही जमिनीला पाय लावू दिला न्हवता. उचलून नेलं. हलू नको, हलू नको म्हणत होतात सारखं."

अमृतरावांनी तिला दटावलं असतं, तर आम्ही त्यांचीच बाजू घेतली असती. त्यांची नजर भुऱ्याकडे गेली. भुऱ्याच्या हिरड्यांतून आता रक्त येत होतं. म्हातारा उन्हात उभ्या उभ्या काळवंडला. मग त्यांनी वाकून कुत्र्याला स्वतः उचललं, पांढऱ्या सदऱ्याला लावून धरलं आणि जीपकडे निघाले. मी मागच्या सीटवर साखराबाईशेजारी बसलो. हसलेल्या माणसानं निदान सोबत तरी जावं.

मुखेडला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर शिवकुमारांनी आधी तो धागा कापला. गळ्याच्या सुजेत तो रुतून बसला होता.

"हे कुत्रं चाललंय का चावल्यावर?"

साखराबाईनं काही सांगितलं नसतं. मीही नसतं.

"मी चालवलं," अमृतराव म्हणाले. "देवळाभोवती. फेरे घातले. पालाबी चारला."

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं नाही. "चालवलं की विष अंगभर लवकर पसरतं. बांधायचं नाही, कापायचं नाही, पोटात काही घालायचं नाही. उचलायचं, शांत ठेवायचं आणि घेऊन यायचं. एवढंच तर तुमचं काम असतं."

प्रतिविषाची सलाईन लागली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. अमृतरावांनी सदऱ्यावरचा डाग झाकायला हातांची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली. कुणी ओळखीचं दिसलं की तोंड फिरवायचे. मलाही वर बघवत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. रक्त थांबलं होतं. "मूत्रपिंडांचं दोन दिवस बघावं लागेल, पण वाचेल असं वाटतंय."

अमृतरावांचे डोळे भरले. साखराबाईपुढं त्यांनी हात जोडले. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"चुकलो, साखराबाई. तू माझ्या धाग्यावर भरवसा ठेवून आलीस, अन् मी..."

"धाग्यासाठी कोण आलं होतं, अण्णा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमच्या दारात जीप हाय म्हणून आले होते. संगमेशबाळाला घेऊन गेली ती माझ्या दारावरूनच गेली की. पण तुम्ही धागा काढला. मला वाटलं, गरिबाच्या कुत्र्याला धागाच असंल."

एवढं बोलून ती उठली आणि आत भुऱ्यापाशी जाऊन बसली.